अण्णांनी चावून दिलेली ज्वारी

शनिवार, संध्याकाळ

कडू आहे म्हणे. वाघोलीच्या ब्रुअरीत दोन वर्षं मी बिअर बनवते आहे, आणि आज मालकांनी माझ्या ज्वारीच्या बिअरचा एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "कडू लागतेय हो, मॅडम. सोमवारी टाकी रिकामी करा आणि आंब्याची बनवा. लोकांना गोड आवडतं." कोणत्या लोकांना? कोपऱ्यातल्या टेबलावरचे चौघे हीच बिअर परत मागवत होते, ते लोक नव्हेत का? कडू व्हावी म्हणूनच तर मी हॉप्सची फुलं जास्त घातली.

घरी येऊन अण्णांना सांगितलं. मार्केट यार्डात त्यांचा धान्याचा गाळा आहे, ज्वारी तिथलीच. प्रत्येक पोत्यातला दाणा चावून बघितला, मगच दिली. बिअर हा शब्द मात्र माझ्या वडिलांनी या दोन वर्षांत उच्चारलेला नाही. माझी नोकरी म्हणजे 'कंपनी'.

त्यांनी चष्मा काढला. "माझी ज्वारी कडू? दाणा चावून दिलाय मी. सोमवारी येतो तुझ्या कंपनीत. त्यांच्यासमोर चावून दाखवतो."

कडूपणा ज्वारीचा नाही, माझा आहे, हे सांगायला हवं होतं का? नाही सांगितलं. येऊ देत. मालकांनाही चावू दे एक दाणा. आणि अण्णांनी विचारलंच, मग कडू कशानं झाली, तर ग्लास भरून त्यांच्यापुढे ठेवीन. टाकी रिकामी होणार नाही.