बेटावर नेण्याच्या वस्तू

४ ऑगस्ट

चि. ठमीस,
अ. उ. आ.

रविवारी बाबा रेडिओवर बोलले ते तुमच्याकडे ऐकू आलं का? आलं नसेल तर सुटलीस बाई. तो कार्यक्रम तुला माहीत आहे. एखाद्या मोठ्या माणसाला विचारतात, निर्जन बेटावर एकटं राहायची पाळी आली तर कोणती गाणी आणि कोणत्या वस्तू बरोबर न्याल? बाबांना बोलावलं होतं ते दातांचे डॉक्टर म्हणून नव्हे, संगीत मंडळाचे अध्यक्ष म्हणून.

मंडळाची सगळी माणसं त्यांनी घरी जमवली होती, खाली दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, जिथे पेशंट गाल धरून बसायचे त्याच बाकांवर. आई चहा करत होती, म्हणून मी मदतीला गेले होते. बाबा रेडिओला खेटून बसले होते आणि स्वतःचंच बोलणं ऐकताना त्यांचे ओठ हलत होते. एक परदेशी वादक त्यांनी निवडला होता, त्याचं नाव दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा वेगळं उच्चारलं. मग ग्रामोफोन, मग चांदीचं पेन. आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, की सगळं बुडालं तरी चालेल, पण माझ्या पत्नीच्या गाण्याची निळी टेप मी सोडणार नाही. ती कायम माझ्या टेबलाच्या खणात असते, तो आवाज ऐकल्याशिवाय मला झोप लागत नाही.

ठमे, मला शिसारी आली. मंडळी हळहळली, सचिवांनी चष्मा काढून डोळे पुसले. तेवढ्यात आई ट्रे घेऊन आली तर सगळ्यांनी तिच्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. तिने ट्रे तिथेच औजारांच्या कपाटावर ठेवला आणि आत गेली. मी मागोमाग गेले तर मोरीत साबणाने हात धूत होती. धुऊन झाले, पुन्हा साबण घेतला.

घरी आल्यावर मी जेवले नाही. तुझ्या मेहुण्यांना वाटलं पित्त झालंय.

लोभ ठेव, आणि रागही थोडा ठेव, मला एकटीला झेपत नाही.
तुझी ताई


११ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ऐकलं. रविवारची पाळी होती; कागद गिरणीच्या प्रयोगशाळेत रेडिओ असतो, आणि माझे वडील बोलणार म्हणून मीच सगळ्यांना हौसेने गोळा केलं होतं. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, की असा नवरा मिळायला नशीब लागतं. मी कागदाचा लगदा ढवळत राहिले. त्याला कुजका वास येतो; त्या दिवशी मला तो बरा वाटला, यावरून काय ते समज.

ती निळी टेप! आईच्या गाण्याच्या बाईंनी तबला-पेटी जमवून, मुद्दाम एक दिवस काढून ती करून दिली होती. आणि बाबांनी तिच्यावर दवाखान्याच्या वर्धापनदिनाचं स्वतःचं भाषण घेतलं. कोरी टेप हाताशी नव्हती म्हणे. दुकान कोपऱ्यावर होतं, ताई.

तू लग्न होऊन लवकर गेलीस, मी ते नंतरही पुष्कळ वर्षं पाहिलं. आई स्वयंपाकघरात गुणगुणायला लागली की बाबा पेशंटच्या तोंडात हात घालून तिची नक्कल करायचे. मान वाकडी, डोळे वर, वरचा सूर बकरीसारखा कापत. पेशंट तोंड उघडं ठेवून हसायचे, लाळ गळायची, बाबा पुसायचे आणि पुन्हा करायचे. पाहुण्यांसमोरही तेच. आधी ती पाहुणे असताना गायची थांबली, मग पेशंट असताना, मग केव्हा पूर्ण थांबली ते मला सांगता येत नाही. ते कधी रागावले नाहीत, कधी मना केलं नाही. तक्रार करायला जागाच ठेवली नाही त्यांनी.

आईकडे लक्ष ठेव. मला तिच्या गप्प बसण्याची भीती वाटते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ठमी


१९ ऑगस्ट

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

माझा कार्यक्रम ऐकून तुला अभिमान वाटला असेलच. अनेकांची पत्रे आली. एका निवृत्त न्यायाधीशांनी तर पत्नीला जवळ बसवून ऐकवला.

आता एक अडचण आहे. रेडिओवाल्यांना ती टेप पुढच्या महिन्यात वाजवायची आहे. टेपेची अवस्था तुला ठाऊक आहे. जुन्या गोष्टी उगाळण्यात अर्थ नाही. मी साधा मार्ग काढला. तुझ्या आईने स्टुडिओत जाऊन दोन गाणी म्हणावीत, मागे थोडी खरखर घातली की जुने ध्वनिमुद्रण वाटते, असे आमचे सचिव म्हणतात. आवाज आता राहिला नाही, पण लोक भावना ऐकतात. ती ऐकतच नाही. मी तुझ्या ताईला विचारले, की तुझा आवाज आईसारखा आहे, तू म्हण. तर ती बोलणे अर्धे टाकून निघून गेली. एवढ्या मोठ्या मुलीला ही रीत शोभते का?

आई तुझे ऐकते. तिला समजाव, की हा तिचाच गौरव आहे. मी तिच्यासाठी काय करतो हे तिला कधी कळलेच नाही.

प्रकृतीस जप, आणि लोभ आहे तसा राहू दे.
तुझे बाबा


२ सप्टेंबर

चि. ठमीस,
अ. उ. आ.

बाबांचं पत्र तू मला पाठवलंस ते वाचून चुलीत घालावंसं वाटलं, पण आमच्याकडे गॅस आहे.

आता नीट वाच. आई अचानक म्हणाली, की चला, रेडिओवर जाऊ. बाबा खुलले, तिचा दंड धरून तिला गाडीत बसवलं. मी हट्टाने बरोबर गेले. स्टुडिओची खोली लहान, भिंतींना भोकाभोकांच्या फळ्या, मध्ये माइक. कार्यक्रम करणारी मुलगी तिशीची असेल, फार आदराने बोलत होती. आईने तिला सांगितलं, की बाळ, ती टेप नाही. तिच्यावर यांचं भाषण आहे. मी गात नाही, कारण हे माझी नक्कल करायचे. आणि आजही मी गाणार नाही, एवढंच सांगायला आले.

आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी नाही. भाजी संपली असं सांगावं तसं सांगितलं.

बाबा हसले. त्या मुलीला म्हणाले, की हिला चेष्टा कळत नाही, अहो नक्कल म्हणजे काय, गंमत असायची. आणि ठमे, गंमत कशी असायची ते दाखवायला त्यांनी ती करून दाखवली. तिथे, माइकसमोर. मान वाकडी, डोळे वर, ते बकरीचं कापणं, सगळं. ते हसू येण्याची वाट बघत होते. ती मुलगी हसली नाही. काचेपलीकडचा माणूस हसला नाही. बाबांचं तोंड तसंच उघडं राहिलं, आणि त्यांच्या दाताला लागलेली बडीशेप मला दिसत होती. आपल्या बापाची इतकी किळस यावी याचीही मला किळस आली.

आईने पदराने आपला दंड पुसला, जिथे त्यांनी धरला होता तिथे. मग पिशवी उचलली आणि ती माझ्या घरी आली.

तिने एक खोली भाड्याने घेतली आहे, शिंप्याच्या दुकानावर. तुझे मेहुणे म्हणाले, की आमच्याकडे राहा, तर म्हणाली, की जावयाकडे मला हळू चालावं लागेल. मी तिचं सामान आणायला गेले. तिने सांगितलेलं सगळं एका रिक्षात मावलं: लहान कुकर, टेबलफॅन, तिची उशी, मोठी कात्री, दोन पातेली. बाबा दारात उभे राहून बघत होते. त्यांनी विचारलं, की आणि गाणी? ती तिथे ऐकणार काय? मी म्हटलं, तिने काही सांगितलेलं नाही. त्यांना वाटलं मी विसरले.

येशील तेव्हा तिच्याकडेच उतर. माझ्यावरचा लोभ कमी झाला तरी चालेल.
तुझी ताई


२० सप्टेंबर

चि. ताई व चि. ठमी,
दोघींना अ. उ. आ.

तुम्ही दोघी एकमेकींना पानंच्या पानं लिहिता, म्हणून मी दोघींना एकच पत्र लिहिते आणि ताई ते पुढे पाठवील.

खोली चांगली आहे. ऊन दुपारपर्यंत असतं. खाली शिलाई मशिन चालतं, शिंपी चांगला आहे, पण खोकतो फार. मी त्याला काढा दिला तर म्हणाला, की बेचव आहे. मला हसू आलं. कुणीतरी खरं बोललं.

ठमीने रेडिओ पाठवू का विचारलंय. नको. मला गाण्याचाच वीट आलाय. एखादी ओळ मनात आली तरी यांचं तोंड दिसतं, चावून चोथा केलेलं परत ताटात वाढल्यासारखं वाटतं. पुढे कधी जाईल ते जाईल. तुम्ही त्याची वाट बघू नका, आणि मी गायले का असं विचारू नका.

परवा दुपारी ते आले होते. बरोबर सचिव आणि एक हमाल, हमालाच्या डोक्यावर ग्रामोफोन. मी दार लोटून घेतलं, तर त्यांनी तो जिन्यातच मांडला आणि तबकडी लावली, म्हणजे मी विरघळेन. शेजारी बाहेर आले. शिंप्याने मशिन थांबवलं. सचिव प्रत्येकाला सांगत होते, की डॉक्टरसाहेबांचं किती प्रेम आहे बघा. मी आतून दाराला पाठ लावून बसले होते, दोन्ही बाजू वाजून होईपर्यंत. उठताना गुडघे धरले. ते गेल्यावर हमाल पाणी मागायला आला, त्याला दिलं.

ते पुन्हा येतील. टाळी मिळाली की ते परत येतात.

मला काय हवं असं दोघी सारखं विचारता. या दाराला आतून कडी नाही. येताना एक आणा, लोखंडी, जाड, आणि चार स्क्रू. बसवून शिंपी देईल.

तुम्हा दोघींवर माझा जीव आहे, तो लिहून कमी-जास्त होत नाही.
तुमची आई