भरती चुकली तर तर

ता. वडवणी, जि. बीड
२४ एप्रिल

तीर्थरूप वनमालाआत्यास,

प्रियदर्शनीचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होते; पण आबांनी घरात सामानाची मांडामांड सुरू केल्यापासून साष्टांग घालण्याएवढी जागा जमिनीवर उरलेली नाही. सध्या पंचांग समजावा.) इकडे सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत. आईचा गुडघा पायरी चढताना दुखतो, उतरताना नाही. आबांचा खोकला ऊस बंद झाल्यापासून निम्म्यावर आला आहे. तुमच्या दवाखान्यात विंचवाचे पेशंट कमी झाले का, आणि क्वार्टरच्या पत्र्यावर माकडं अजून येतात का, ते कळवावे.

पत्र का, फोन का नाही, हे आधी सांगते. आपल्या घरात फोन म्हणजे स्पीकर. आबा फोन कानाला लावत नाहीत, ताटासारखा समोर धरतात, आणि ओसरीवर बसलेला प्रत्येक माणूस बोलण्यात भाग घेतो. मला जे कळवायचं आहे ते ओसरीपुढे बोलण्यासारखं नाही. आईला वाचता येत नाही आणि आबा जोडाक्षराला अडखळतात, म्हणून या पत्रात मी जोडाक्षरं मुद्दाम टाळलेली नाहीत.

सहलीचं मूळ तुम्हीच. नर्स म्हणून समुद्रकाठच्या त्या गावी तुमची नेमणूक झाली त्याला चौदा वर्षं झाली. तेव्हापासून दर दिवाळीला तुम्ही 'एकदा समुद्र बघायला या' म्हणता आणि दर दिवाळीनंतर आई-आबा ऊस तोडायला जातात. तुमच्या नेमणुकीआधीचे धरून असे बावीस हंगाम झाले. यंदा मी साखर कारखान्यात कायम झाले (दाब आणि तापमान दाखवणारी यंत्रं खरं बोलतात की नाही हे तपासणं, एवढंच माझं काम) आणि कोयते पहिल्यांदा आढ्याला खोचलेले राहिले. हंगाम संपला तसं मी जाहीर केलं, की मेच्या पौर्णिमेला पोचायचं, आठ दिवस आत्याकडे राहायचं. आईनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "आन् तिथं काम काय करायचं?" काही नाही, समुद्र बघायचा, असं मी सांगितलं. "दिसभर? बसून?" हो म्हटलं. त्यावर तिनं जे तोंड केलं ते मी कारखान्यात, चुकीच्या जागी बसवलेल्या यंत्राकडे बघताना करते.

आबांची अडचण वेगळी. त्यांनी विचारलं, "मुकादम कोण हाय?" त्यांनी मुकादमाशिवाय कधी जिल्हा ओलांडलेला नाही. ट्रक कुठून सुटणार, कुठं उतरायचं, पाणी कुठं भरायचं हे सांगणारा एक माणूस लागतो, आणि चुकलं तर शिव्या घालायलाही तोच लागतो. मीच मुकादम, असं म्हटल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि टोळी किती ते स्वतःच ठरवलं. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं माणूस अर्धा, म्हणजे दीड कोयता. ('दीड कोयता निघालाय, जागा करून ठेव' हा तुम्हाला गेलेला निरोप त्यांचा. तुमच्या शेजाऱ्यांनी ऐकला असेल तर हत्यारं नाहीत, माणसं आहेत, असं सांगावं.) दीड कोयत्याचं सामान म्हणजे ताडपत्री, ज्वारीच्या पिठाचे दोन डबे, सरपणाची मोळी आणि चुलीचे तीन दगड. कोकणात दगड आहेत, हे मी तीनदा सांगितलं. "तिथला दगड कसा निघतो, आपल्याला काय ठावं?" मी रोज संध्याकाळी एक दगड काढते, ते रोज सकाळी दोन घालतात. आजचं वजन एक्केचाळीस किलो.

मोटार करायची नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलं. कारण तुम्हाला माहीत आहे: आईला मोटार लागते. आपले माजी सरपंच सुग्रीवनाना, त्यांच्या पांढऱ्या गाडीत ती आजवर तीनदा बसली आणि तिन्ही वेळा नानांनी गाडी धुऊन घेतली. उलट उघड्या ट्रकात, भांड्याकुंड्यांच्या ढिगावर बसून, बावीस हंगामांत एकदाही तिला मळमळलेलं नाही. दोष प्रवासात नाही, बंद काचेत आहे. म्हणून वडवणीपर्यंत काळीपिवळी जीप (तिचं मागचं दार लागत नाही, ते इथे उपयोगाचं), मग बीड, मग पुणे, सगळं एसटीनं, ड्रायव्हरच्या मागची खिडकी धरून. पहिला मुक्काम पुण्यात माझी डिप्लोमाची मैत्रीण स्वप्ना हिच्या खोलीवर, दुसरा तुमच्या तालुक्याच्या गावी, तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तुमच्याकडे. दर बदलाला चाळीस मिनिटं हातात ठेवली. चूक होऊ शकेल अशा अकरा जागा मी शोधून कागदावर लिहिल्या. बारावी जागा मी स्वतः होते.

तुमचा निरोप आला होता: 'सकाळची भरती धरून या. साडेअकरा. भरती चुकली तर तर मिळायची नाही.' वेळापत्रक छापताना मी त्यातला एक 'तर' काढला. (मोजमापात एकच नोंद लागोपाठ दोनदा आली तर दुसरी खोडायची असते. मला शिकवलंय तसं.) खाडी ओलांडणाऱ्या होडीला तिकडे तर म्हणतात, हे मला माहीत नव्हतं. आपल्याकडे खाडी नाही, त्यामुळे तो शब्दही नाही. आपल्याकडे तरी असते, ती रश्शावर. मला वाटलं, भरलेला समुद्र बघायला मिळणार नाही असं तुम्हाला म्हणायचं आहे. छापलेल्या कागदावर राहिलं ते असं: 'समुद्र. सकाळची भरती. साडेअकरा. भरती चुकली तर मिळायची नाही.' मुकादमाचा कागद म्हणून आबांनी तो घडी करून बंडीच्या खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी नानांनी आपण होऊन गाडी देऊ केली. नको कशी म्हणायची, म्हणून आबांनी पुरावा म्हणून तो कागद पुढे केला, आणि नानांनी चार माणसांत मोठ्यानं वाचला. आत्या, आपल्या तालुक्यात भरती या शब्दाला एकच अर्थ आहे. निम्मी तरुण मंडळी पहाटे डांबरी रस्त्यावर त्याच अर्थासाठी पळत असते. नाना म्हणाले, "आश्रुबा, पोरगी नौदलात चालली, आन् तू मला समुद्र बघाया जातो म्हणून सांगतूस व्हय?" आबांनी उत्तर दिलं, "मला कुठं ठावं नाना. ती घरात बोलतीच किती." (हे मला नंतर तिघांनी वेगवेगळं येऊन सांगितलं. उत्तर तिन्ही वेळा हेच होतं, म्हणजे नोंद खरी.)

तिसऱ्या दिवशी फाट्यावर फ्लेक्स लागला. माझा डिप्लोमाच्या ओळखपत्रावरचा फोटो, डोक्यावर चिकटवलेली पांढरी टोपी, मागे जहाज. (जहाजावर पोहायचा तलाव आणि रंगीत छत्र्या आहेत, ते लढाऊ नसावं.) खाली अठरा शुभेच्छुक. नानांचा चेहरा माझ्या चेहऱ्याच्या सव्वातीन पट आहे. मजकूर: 'लाटांवर स्वार होणारी आपल्या गावची वाघीण.' मी त्याच दिवशी नानांकडे जाऊन सरळ सांगितलं की ही भरती म्हणजे पाणी चढतं ती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तुजं खरं आसंल. पर फ्लेक्स लागलाय." मी दारातून निघाले तशी नानांनी पुन्हा हाक मारली, "आन् आता कावून मागं सरती? पाण्याला भेतीस का काय?" आणि सगळे हसले. मीही हसले. आवाज बरोबर निघाला असावा.

कागदात नेमकं काय चुकलं ते शोधायला मी कारखान्यातून, चौघांदेखत, तुम्हाला फोन केला. दुसरा तर म्हणजे होडी, लाकडी, बारा माणसांची, बसायला फळ्या, वीस मिनिटं पाण्यावर, हे तुम्ही हसत हसत सांगितलंत. मी 'ठीक आहे' म्हणून फोन ठेवला. ठीक नव्हतं. त्यानंतर मी एका दाबमापकासमोर पंधरा मिनिटं बसून होते आणि त्याचा काटा शून्यावर आहे की नाही हे मला सांगता येत नव्हतं.

हे तुम्हाला माहीत नाही, आईशिवाय कुणालाच नाही. सात वर्षांची असताना, उसाच्या फडाजवळच्या कॅनॉलवर भांडी घासताना माझा पाय घसरला. पाण्याखाली आवाज कसा बंद होतो, तेवढं आठवतं. आईनं वेणी धरून वर ओढलं. राहिलेली भांडी तिनंच घासली, आणि नंतर कधी विषय काढला नाही. ती विसरली असं मी धरून चालते. तेव्हापासून मी बादली अर्धीच भरते. कारखान्यात गरम पाणी थंड करायचा मोठा हौद आहे, त्याच्या कडेनं जायचं टाळायला मी रोज एकशे चाळीस पावलं जास्त चालते. डिप्लोमा झाल्यावर केस मानेपर्यंत कापले, ते गरमीमुळे असं सर्वांना सांगितलं आहे.

भीती ही माहिती कमी पडल्यामुळे वाटते, असं समजून मी माहिती गोळा केली. ती चूक होती. पौर्णिमेला भरतीचं पाणी इतर दिवसांपेक्षा जास्त चढतं (तारीख मीच निवडली आहे). कमी पाण्यात जावं म्हटलं तर ओहोटीला धक्क्यापाशी चिखल राहतो आणि होडी लागत नाही. म्हणजे ज्या गोष्टीला मी भिते ती भरपूर असल्याशिवाय मला जाताच येणार नाही. खाडीला वळसा घालून सडक आहे, पण एसटी नाही. मोटार करावी लागेल आणि अडुसष्ट किलोमीटर घाट आहे. ते मी आईला करणार नाही. मोटारीनं गेलो तर तिचे हाल, होडीनं गेलो तर माझे, आणि न गेलो तर समुद्र पुन्हा पुढच्या दिवाळीवर. तिसऱ्या गोष्टीचा विचार मी रोज करते. कारणही शोधून ठेवलं होतं, रजा नाकारली म्हणून. परंतु रजा मंजूर झाली आहे. साहेबांनी फ्लेक्स पाहिला.

आईकडे मात्र बघवत नाही. तिनं हिरवं लुगडं काढून उन्हात घातलं आहे. काम करता करता मधूनच काहीतरी विचारते. पाणी खारट, तर तिथली गुरं काय पितात? एवढं पाणी रोज येतं आणि रोज जातं, तर ते ठेवतात कुठं? परवा विचारलं, पलीकडचा काठ दिसतो का. नाही म्हटलं. भाकरी उलटून म्हणाली, "मंग तिकडल्या लोकान्लाबी आपन दिसत नसू." आणि हे तिला फार बरं वाटलं असं दिसलं. बावीस हंगाम ती कुणा ना कुणाच्या नजरेखाली वाकून होती. आता बसून बघायला निघाली आहे. अशा बाईला रजा नाकारली म्हणून सांगणं मला जमणार नाही. मी चांगलं खोटं बोलू शकत नाही. मला सरावच नाही.

बाकी सर्व ठीक. तुम्ही आपल्या प्रकृतीला जपावे, दुपारी डोक्यावर पदर घेतल्याशिवाय फिरतीवर जाऊ नये. दीड कोयत्याचा नमस्कार.

आपली भाची,
प्रियदर्शनी

ता. क. – पत्र लिहायचं खरं कारण हे. दहा मेला सकाळी सात वाजता, ओसरी भरलेली असताना, तुम्ही आबांना फोन करून सांगावं की होडी दुरुस्तीला काढली आहे आणि दिवाळीपर्यंत लागणार नाही. एवढंच वाक्य. दुरुस्ती कसली, हे विचारल्यास 'तळाची' म्हणावं. तुम्हालाही सराव नसेल, म्हणून वाक्य कागदावर लिहून ठेवावं. माझं नाव कुठंही नको.

ता. क. २ – फ्लेक्सवरची टोपी नानांना फोटोसाठी प्रत्यक्षात हवी आहे. तिकडे मिळत असल्यास आणू नये.

ता. क. ३ – पाकीट चिकटवायचं राहिलं होतं म्हणून हे लिहिता येतंय. पहिला ता. क. रद्द समजावा. आज सकाळी आई तेलाची बाटली घेऊन मागं येऊन बसली. कुणी न विचारता म्हणाली, "होडीच्या दिशी केसं मोकळी सोडू नकू. येणी मी घालीन. घट्ट." होडीचं मी तिला अजून सांगितलंच नव्हतं, तुम्ही परवा फोनवर आबांना सांगितलंत, ते तिनं चुलीपाशी बसून ऐकलं असणार. तिनं केस मुठीत धरून पाहिले, लांबी पुरते का ते. नंतर मी मोजले. एकवीस सेंटीमीटर आहेत, सोळा मेपर्यंत फार तर बावीस. लहान येईल, पण मुठीत येईल.

फोन करू नका. होडीवाल्याला एवढंच विचारून ठेवा, की माय पाठीमागं आणि लेक पुढं अशा बसल्या तर चालतं का.