आधी मोजायचं, मग खोलायचं

आबा,

तळोद्याच्या वर, डोंगरातल्या ज्या गावी तुम्ही मला एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत नेलं होतं, तिथला हापसा अजून चालतो. दांडा बदललाय, साखळी बदललीय, ओटा नवा बांधलाय, पण बोअर तोच. हे आधी सांगते, कारण तुम्ही असता तर पहिला प्रश्न हाच विचारला असता, मुलगी कशी आहे हे नंतर. मुलगी बरी आहे. शहाद्याच्या कॉलेजात शिकवते, केस पिकलेत, आणि उद्या दुपारपर्यंत तिला एक गोष्ट ठरवायची आहे. एक पुस्तक छापायला जातंय, त्यात तुमचं नाव आहे. ते ठेवायचं की काढायचं, एवढंच. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी असं काही ठरवायची वेळ आली की मी अजून तुमच्याच तोंडाकडे बघते.

आधी पुस्तकाचं सांगते. आमच्या कॉलेजने आणि परदेशातल्या एका विद्यापीठाने मिळून एक अभ्यासक्रम सुरू केलाय: पाणी आणि स्वच्छता हे विषय शाळेत कसे शिकवायचे. तिकडची मुलं आणि इकडची मुलं पडद्यावर एकमेकांना बघत एकत्र शिकतात, आणि वर्षातून एकदा तिकडचे लोक इकडे येतात. पहिल्याच तासाला तिकडच्या एका मुलाने आमच्या मुलींना विचारलं, भरलेला हंडा डोक्यावर असताना मान वळवता येते का? आमच्या मुली हसून हसून बेजार झाल्या. मग एकीने वर्गात हंडा मागवला, भरला, आणि चालून दाखवलं, वर मान वळवून त्याच्याकडे बघितलंही. तिकडच्या प्राध्यापक बाई माझ्याहून बऱ्याच मोठ्या आहेत. त्या म्हणाल्या, आमच्याकडे नळ कधी बंद पडत नाही, म्हणून पाण्याबद्दल आम्हाला फारसं कळत नाही, तुम्ही शिकवा. इतकी शिकलेली बाई इतक्या सहज असं बोलू शकते, याचं मला कितीतरी दिवस नवल वाटत होतं.

त्या आल्या तेव्हा आम्ही सगळे जीपने वर गेलो. वाटेतल्या गावांत शाळेमागचे संडास बघितले. रंग छान, भिंतीवर हात धुणाऱ्या मुलांची चित्रं, आणि दाराला कुलूप. हापसा बंद पडला की प्यायचं पाणीच नाल्यातल्या झिऱ्यातून वाटी वाटीने भरावं लागतं, ते संडासात कोण ओतणार? पण तुमच्या त्या गावात दारं उघडी होती आणि आतली फरशी ओली होती. आशाताई म्हणून गावात आरोग्याचं काम करणारी एक बाई आहे, तिला आम्ही कारण विचारलं. ती म्हणाली, "आमचा हापसा बंदच पडत नाही. आम्ही मोजतो ना."

हापशाच्या ओट्यावर कोळशाच्या रेघा होत्या. रोजच्या वेगळ्या, ओळीने. तिकडच्या मुलांना वाटलं काहीतरी पूजा असेल. आमच्या मुलांना वाटलं कुणी किती हंडे नेले त्याचा हिशेब. आशाताई म्हणाली, सकाळी जी बाई पहिली येते ती मोजते, पाणी यायच्या आधी दांडा किती वेळा रिकामा गेला. तेवढ्या रेघा. रेघा वाढायला लागल्या की तळोद्याला निरोप जातो. आबा, भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. परदेशी बाईंनी ओट्याखाली बूट काढले आणि खाली बसून एकेक रेघ वहीत उतरवून घेतली.

काटा आला, कारण मला आपलं तळोद्याचं स्वयंपाकघर दिसत होतं. मी चौथीत आहे. आई कळण्याची भाकरी थापतेय, तुम्ही पंचायत समितीतून आत्ताच आलाय, हाताचं ग्रीस गेलेलं नाही. तुमच्या हातात पपईच्या पानाचा पोकळ देठ आहे. तो तुम्ही पाण्याच्या तांब्यात बुडवता, वरचं तोंड अंगठ्याने दाबता आणि उचलता. देठातलं पाणी देठातच राहतं. अंगठा जरा सैल करता, पाणी ठिबकतं. तुम्ही सांगता, जमिनीखाली हापशाच्या तळाशी असंच एक झाकण असतं. ते धड असलं तर रात्रभर पाणी पाइपात थांबतं, सकाळी पहिल्याच दांड्याला हंड्यात पडतं. झाकण झिजलं की पाणी रात्री खाली उतरतं, आणि सकाळी दांडा रिकामा जातो. आज दोन वेळा, आठवड्याने चार वेळा. "म्हनीसन पह्यले मोज, मंग खोल," तुम्ही म्हणता, आणि आई म्हणते, "पह्यले हात धुवा, मंग जेवा."

या मोजण्याबद्दल तुमचा सत्कार झाला होता. सव्वीस जानेवारीला, कचेरीच्या पटांगणात. साहेबांनी सगळ्या मेकॅनिकांना सांगितलं की यापुढे असंच मोजायचं, आणि तुम्हाला शाल आणि नारळ दिला. घरी नारळ आला, शाल आलीच नाही. आईने विचारलं, "शाल कथा गयी?" तुम्ही भाकरीचा तुकडा मोडत म्हणालात, "जिन्ही व्हती तिले दिधी." झालं! पुढचे कित्येक दिवस घरातली भांडी जरा जोरातच आपटत होती. तुमच्यासारख्या माणसाने हे वाक्य असं अर्धवट सोडून द्यावं, याला काय म्हणावं? तुम्ही असेपर्यंत आई त्या शालीचा विषय काढत राहिली. लग्नकार्यात कुणाच्या खांद्यावर शाल दिसली की तुमच्याकडे बघायची आणि तुम्ही पान खायला उठून जायचात.

तर त्या ओट्यापाशी मी सगळ्यांना सांगून टाकलं. हे माझ्या वडिलांनी शिकवलं, ते इथले हापसा मेकॅनिक होते. परदेशी बाईंचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, आपल्या पुस्तकाचा पहिला धडा हाच, आणि धड्याच्या वर त्यांचं नाव. हात धुणं, संडास, सगळं नंतर, कारण हापसा चालू असेल तरच त्याला अर्थ. मी त्या रात्री जेवले नाही, इतकी भरून पावले होते. तुमचं नाव दोन देशांतले शिक्षक वाचणार होते.

आमच्या अभ्यासक्रमाचा एक नियम आहे, तो बाईंनीच घातलेला. ज्या गावावर धडा लिहिला त्या गावाला वाचून दाखवल्याशिवाय तो छापायचा नाही. म्हणून गेल्या आठवड्यात आम्ही पुन्हा वर गेलो. बाई तिकडून पडद्यावर होत्या. डोंगरात रेंज कुठली, पण शाळेच्या मागच्या टेकाडावर मिळते, तिथेच सतरंजी टाकून गाव बसलं. मी मराठीत वाचत होते, आशाताई गावाच्या पावरी बोलीत सांगत होती. ‘ही पद्धत या गावाला शिकवली’ इथे आले, पुढे तुमचं नाव वाचलं, आणि बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक पदराआड हसली. पुढे बसलेली एक म्हातारी बोलायला लागली आणि बराच वेळ बोलली. मग आशाताई माझ्याकडे वळली.

"मॅडम, ती म्हणते, तुमच्या वडिलांना मोजायला तिच्या आईने शिकवलं."

म्हातारी सांगत गेली तशी आशाताई सांगत गेली. "तो यायचा आणि आल्या आल्या सगळा हापसा उघडायचा. पाइप वर ओढायला आमची माणसं लावायचा. दिवस जायचा. आई म्हणाली, बंद पडायच्या आधी दांडा रोज जास्त रिकामा जातो. आमच्या हाताला कळतं ते. तो हसला. मग आईने रेघा काढून ठेवल्या. पुढच्या खेपेला त्या बघून तो हसला नाही. मुक्काम केला, आणि सकाळी स्वतः मोजत बसला." म्हातारी थांबली, जरा हसली, पुन्हा बोलली. "मग एकदा शाल घेऊन आला. लाल. आईच्या अंगावर घातली. म्हणाला, ही तुझी आहे, साहेबाने चुकून मला दिली. आईने तिची झोळी केली. माझी सगळी पोरं त्या झोळीत झोपली."

आबा, मला आधी लाज वाटली. मग लाज कुठल्या कुठे गेली आणि मी नुसती त्या म्हातारीकडे बघत राहिले. तिच्या ज्या आईला शाळा माहीत नव्हती, पाइपाच्या तळाशी काय असतं ते जिने कधी पाहिलं नव्हतं, तिच्या तळहाताला जमिनीखालचं झिजणं कळलं. तिच्याकडून ते तुमच्याकडे आलं, तुमच्याकडून तालुक्यातल्या सगळ्या मेकॅनिकांकडे, आपल्या स्वयंपाकघरात पपईच्या देठात, आणि आता बर्फातल्या एका वर्गात, जिथे कुणाला कधी हापसा मारावा लागत नाही. किती मोठी गोष्ट आहे ही, आणि सुरू कुठून झाली! पडद्यावर बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी म्हातारीला हात जोडले, जरा चुकीचे, बोटं गुंतवून.

आई आता कळसाडीला असते; संध्याकाळी तिला फोन केला आणि शालीचं सांगितलं. ती म्हणाली, "मंग इतला वरीस सांगं का बरं नई तेस्नी?" आणि थोड्या वेळाने, "थंडीमा दिधी व्हती ना? बरं करं."

आता नावाचं. म्हातारीला तिच्या आईचं नाव मी तीनदा विचारून लिहून घेतलं, चुकायला नको म्हणून. धड्यावर ते आलंय. तुमच्या नावाबद्दल कुणाचीच हरकत नाही. म्हातारी म्हणाली, त्याचंही राहू दे, तो चांगला होता. परदेशी बाई म्हणाल्या, दोन्ही ठेवू, एकीने शोधलं, दुसऱ्याने पोचवलं. खोटंही नाही त्यात काही. पण मला त्या गावातला तो उन्हाळा आठवतो. मी ओट्यावर बसून तिथल्या मुलींना ऐटीत सांगत होते की हा हापसा मन्हा आबाना शे. तुम्ही पाना खाली ठेवलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "आपला नई शे. ज्या पानी भरतस त्यास्ना शे. आपन पाना लावनार, बस." मी रडले होते. तुम्ही समजूत काढली नाहीत.

म्हणून आत्ता, हे लिहिता लिहिता, मी तुमचं नाव काढलंय. शाल ज्या दिवशी वर नेलीत त्या दिवशीच तुम्ही हे ठरवून टाकलं होतं, मी कोण पुन्हा ठरवणारी? फाइल बाईंना पाठवली. हे पत्र तेवढं राहील माझ्यापाशी.

एक सांगायचं राहिलं. ते नाव तुमच्यासाठी नव्हतंच, आबा, माझ्यासाठी होतं. शाळेपासून नोकरीपर्यंत जिथे जिथे वडिलांचा व्यवसाय विचारला, तिथे मी ‘शासकीय सेवा’ लिहिलं. हापसा मेकॅनिक असं एकदाही लिहिलं नाही.