गोजराबाईचे साखरपाणी

नवापूर, भाद्रपद, १९६६

तीर्थस्वरूप मामांस मंजुळाचा नमस्कार. संधिवाताची बोटे आता फळ्यावर सूत्रे लिहू देतात ना? मामीचे लाडू पोचले (निम्मे मुंग्यांना). माझी प्रकृती ठीक, किनाऱ्यावरच्या प्रकल्पातले पाणीतपासणीचे काम ठीक. घरात मात्र एक पेला आहे.

घरमालकीण गोजराबाई. तिचा नवरा भगवंत ज्येष्ठातल्या वादळात होडीसकट गेला, तो परतला नाही. या घरची रीत अशी, की माणूस समुद्रावरून येईपर्यंत रोज तिन्हीसांजेला उंबऱ्यावर साखरपाणी ठेवायचे, म्हणजे आल्यावर त्याचे खारट तोंड गोड होते. गोजराबाई म्हणते, सकाळी ते पाणी खारट लागते, अर्थात तो येऊन जातो. तिचा दीर विश्राम म्हणतो, येत्या अमावास्येला दर्भाचा पुतळा जाळू, दिवस करू आणि वहिनीच्या बांगड्या फोडू. निकाल माझ्यावर सोपवला आहे, कारण माझ्याकडे बॅटरी, दोन तारा आणि छोटा दिवा आहे.

मी आधी समजावून सांगितले (चूक इथेच झाली). मिठात सोडियम आपला इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊनच टाकतो. मग दोघे उलट भारांमुळे एकमेकांना धरून राहतात, पण पाण्यात सुटे होतात आणि वीज वाहून नेतात. दिवा लागतो. साखरेतले अणू इलेक्ट्रॉन सामाईक ठेवतात. ती विरघळली तरी तिचा रेणू अख्खाच राहतो. दिवा लागत नाही.

गोजराबाई म्हणाली, "म्हंजे साकरेची जोडी बुडाली तरी संगती. मिठाची पाण्यात पडली का सुटी. मंग आमची मिठाचीच, बाय. तो पाण्यात, मी हितं. पन दिवा लागतो ना?"

मी म्हटले, लागतो.

"ओ म्याडम, वयनीला शिकवू नका," विश्राम म्हणाला. "पेला बघा."

मग मी शुद्ध पाण्यात स्वतः साखर घालून दोन पेले भरले, एक भगवंताच्या नावाने, दुसरा कुणाच्याच नाही. दोन्ही माझ्या ट्रंकेत, कुलूप लावून, किल्ली गळ्यात. सकाळी विश्रामसमोर उघडले. दुसऱ्या पेल्यात दिवा लागला नाही. पहिल्यात लागला, मंद, लालसर. (खाऱ्या हवेमुळे म्हणाल, तर दोन्ही पेले एकाच हवेत होते. शिवाय पहिल्यातले पाणी वाढले होते.) विश्राम मागे सरकून म्हणाला, "ब्याटरीच खोटी हाय." गोजराबाईने एवढेच विचारले, "थंडी वाजत असंल का त्याला?"

मी सांगितले, एका प्रयोगावर निष्कर्ष काढत नाहीत. मामांच्या कॉलेजातला अचूक मीटर येईपर्यंत कुणाचे दिवस होणार नाहीत. विश्रामने मानले, कॉलेजवर त्याची श्रद्धा आहे. तरी मीटर पाठवावा.

आपली,
मंजुळा

ता. क. मीटर पाठवू नये. कॉलेजच्या छापील कागदावर, शिक्क्यासह, तो दुरुस्तीला गेल्याचे लिहावे. दर अमावास्येआधी असे एक पत्र पुरे. बांगड्या तेवढ्यावर टिकतील.

ता. क. दुसरे. खरोखरच पाठवू नये. काल दिवा लालसर होता, रात्री पुन्हा पेला ठेवला, तर आज पिवळा, जास्त उजळ लागला. भगवंत रोज किती जवळ येतो आहे, हे मला आकड्यात नको.