मोकळ्या हातानं डेअरीवर

आई, तू गेलीस त्यानंतर नानांबद्दल मी कुणाशी नीट बोललेलीच नाही. मागच्या पावसाळ्यात मी त्यांना गाय विकायला लावली. गुडघे दुखत होते, गोठ्यात एकदा घसरले, आणि मी मंचरला नोकरीवर. वडिलांना विश्रांती मिळावी, एवढं कारण मला पुरेसं वाटलं. गाईबरोबर त्यांचं सकाळचं दूध घालायला डेअरीवर जाणंही गेलं, हे लक्षात आलं नाही. शनिवारी गावी, बोरीला येते तर नाना खाटेवर, दाढी वाढलेली, समोर टीव्ही. डॉक्टर म्हणतात, शुगर, बीपी उत्तम. जेवण मात्र अर्ध्यावर आलेलं. "डेअरीवर नुसतं बसून या," मी म्हणाले. "मोकळ्या हातानं? लोकं म्हणतील, चहा प्यायला आलं."

मला तुझं स्वयंपाकघर आठवतं. मी कॉलेजात आहे, नाना नुकते तापातून उठलेत आणि तू त्यांच्या हातात डेअरीवर न्यायची दुधाची किटली देतेस. मी चिडते. तू भाकरी उलटत, वर न बघता म्हणतेस, "तिथं चार माणसं वाट बघत्यात. तुझं तोंड पुस्तकात." त्यात टोमणा किती आणि समज किती, मला अजून ठरवता येत नाही. गेलेल्या माणसाला शहाणं करून ठेवणं सोपं असतं.

दिवाळीनंतर गेले तर नाना दाढी करून, टोपी घालून निघालेले. हातात शेजारच्या वहिनींची किटली. "तिचा नवरा पारगावला कारखान्यावर, गाळप सुरू झालंय. गळ घातली बिचारीनं, नाय कसं म्हणायचं?" परतले ते तणतणतच. दुधाला फॅट कमी लागली म्हणून दर कमी मिळाला होता, आणि वर एकानं विचारलं होतं, "काय नाना, आता दुसऱ्याच्या दुधाची हमाली का राव?" हे सांगताना हसत होते. दोन भाकरी खाल्ल्या.

मी शेजारी आभार मानायला गेले. वहिनी म्हणाल्या, "मी कशाला गळ घालू ताई? नानाच आलं व्हतं. म्हनले, किटली दे, मी नेतो. आन लेकीला सांगू नको, तिला वाटंल गाय उगा इकली."

घरी आले तर नाना म्हणाले, "रोजचं लचांड झालंय बघ."

"जमत नसेल तर सोडून द्या."

"आता कसं सोडू? शब्द दिलाय."

मला सगळं कळलंय, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. त्यांचं मन राखायला, असं इथं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून खरं लिहिते: या वयातही ते मला सांभाळून घेतात, आणि ते मला आवडतं.