अकरा दिवसांचा साठा

मी, हैबतराव कोंडीराम शिर्के, वय बहात्तर, राहणार रोहा, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉ. प्रणिता यांनी दिला आहे. स्वभावाचा दाखला कोणी मागितला नाही, ते बरे झाले.

१. मी तंत्रज्ञान आणि परराष्ट्र धोरणाचा तज्ज्ञ. कोणता देश कोणता माल रोखून कोणाला अडवू शकतो, हे तीस वर्षे सरकारला सांगितले. गावात मात्र 'दिल्लीला कायतरी करतो' एवढीच माझी ओळख. माझ्या शाली आणि मानचिन्हे गावच्या सत्कार मंडळाला देऊ नयेत. माझ्या सत्काराला त्यांनी चौदा टाळकी जमवली होती.

२. राहते घर व वालाचे शेत पुतण्या रितेश यास. चार वर्षे तो मिनीडोर रिक्षा चालवून दोन्ही वेळचा डबा आणतो, माझे पाय चेपतो. पुढचे कलम वाचून तो घर घेईल की थुंकेल, हे पाहायला मी नसेन, याची हळहळ वाटते.

३. जानेवारी २०१६ मध्ये याच शेतात मडक्यात वालाच्या शेंगा भाजायला पोपटी लावली होती. रितेश तेव्हा धाटावच्या एका कंपनीत स्टोअरला होता. मडके ओतून शेंगा सोलताना तो म्हणाला, "काका, आमचा एक माल नुसता चीनवरनं येतो. आला नाय तर अकरा दिवसांत प्लांट बंद. कुणाला बोलू नका हां."

मी बोललो नाही, सरकारला दिलेल्या अहवालात लिहिले. बाकी तज्ज्ञांकडे अंदाज होते, माझ्याकडे आकडा होता. त्या आकड्यावर मी समितीत गेलो, सात देशांत भाषणे ठोकली. कंपनीनेही आकडा ओळखला. साठ्याची माहिती दोघांनाच होती, रितेश आणि त्याचा जिवलग हरेश. रितेशला काढले, हरेशला ठेवले. हरेशनेच आकडा फोडून आपल्यावर ढकलले, असे रितेशने धरले आणि हरेशच्या बहिणीशी, प्रतिक्षाशी, ठरलेले लग्न मोडले. निरोप न्यायला वडीलधारा म्हणून मलाच धाडले. मी गेलो, चहाही घेतला.

एकदा रितेशने विचारले होते, "काका, तुमच्याकडनं तर नाय ना गेलं?" मी म्हटले, "मूर्खा, माझ्यासारख्याला धाटावचं काय पडलंय?" त्याने माझी माफी मागितली.

४. हरेशचा काडीचाही दोष नाही. जिवंतपणी बोललो असतो तर डबा बंद झाला असता. पश्चात्ताप म्हणाल तर नाही, अहवाल उत्तम होता. प्रतिक्षाला कोलाडला दिली. तिथे तिचे हाल आहेत असे ऐकतो. तिला काही ठेवत नाही. काय ठेवणार?

५. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. त्याने मला सही करताना पाहिले की पुरे. म्हणून मी हरेशलाच बोलावले आहे. आत्ता तो ओटीवर उभा आहे, बस म्हटले तरी बसत नाही, विचारतो, "रितेश येणार नाय ना, काका? तो मला बघून तोंड फिरवतो. मला नाय सोसवत."

रोहा, दि. ९ डिसेंबर २०२५

सही: हैबतराव कोंडीराम शिर्के

साक्षीदार:

१. डॉ. प्रणिता मोरे, रोहा. सही.

२. हरेश नाथा म्हात्रे, धाटाव. सही. मजकूर वाचलेला नाही. काकांवर विश्वास आहे.