आमच्या घरचे हात

लोंगवू टेकडी, १२ एप्रिल २०१४

प्रिय शुइगेन,

अनेक आशीर्वाद. तू खुशाल असशील. इकडे चहाची पहिली खुडणी झाली. अजूनही मीच कढईत हात घालून पानं भाजतो. गिऱ्हाईक म्हणतं, बाओगेनचे तळवे बाबांसारखेच, चामड्याचे. हिवाळ्यात ते चिरतात आणि रक्त येतं, ते गिऱ्हाइकाला कुठे दिसतं?

मागच्या महिन्यात थाओ नावाची डॉक्टरीण आली. पैसे न घेता तपासते म्हटल्यावर मला शंका आलीच. वाटलं, आपल्या हातांना रोग ठरवून चहाचं नाव घालवायला कुणीतरी पाठवली असेल. रक्त दिलं, पण तिने बाटलीवर नाव काय लिहिलं ते दोनदा वाचून घेतलं.

ती म्हणते, कातडीच्या पेशींमध्ये एकमेकींकडे उघडणारी बारीक दारं असतात. आपल्या घरात ती बिघडलेलीच घडतात, नीट लागत नाहीत, म्हणून कातडी जाड होत जाते. सोबत कापसाची काडी पाठवतोय. गालाच्या आतून फिरवून परत पाठव, तिला हवी आहे.

खोटं लिहिलं. तिने मागितली नाही, मीच एक जास्तीची मागून घेतली. मी तिला विचारलं होतं, असल्या हाताच्या बापाला मऊ हाताचं मूल होत नाही ना?

ती म्हणाली, "असं कुणी सांगितलं, आजोबा? प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता. मऊ हाताचं मूलही तुमचंच असू शकतं."

शुइगेन, त्या वसंतात मी तुझी कढई उपडी घातली आणि कारखान्यात काम बघ म्हणालो. तुला वाटलं असेल, हाताला फोड येतात म्हणून. तसं नव्हतं. आमचा वेइछाव दोन वर्षांचा झाला तरी त्याचे तळवे मऊच होते. घरात तसे हात तुझेच होते. तुझी वहिनी चाइ-इंग तेव्हा रडून सांगत होती, मूल तुमचंच आहे. मी ऐकलं नाही.

डॉक्टरणीचं बोलणं परवा मी चाइ-इंगला सांगितलं. वाटलं, बरं वाटेल तिला.

ती म्हणाली, "एकतीस वर्षं मी सांगत होते ते पटलं नाही. काल आलेल्या पोरीचं पटलं?"

कपडे बांधून ती वेइछावकडे गेली. परत येईन म्हणाली नाही. मला लाज वाटते, शुइगेन. घरात बोलायला कुणी नाही.

वेइछावशी जुळते का बघायला मागितलेली ती काडी फेकून दे. तू स्वतः ये. आणि हे लिहितानाही मनात येतंच, की गावात उतरल्यावर तू आधी कुणाच्या दारात जाशील, माझ्या की वेइछावच्या. हा मेला संशय माझ्या हातून सुटत नाही. तरी ये.

तुझ्या क्षमेला पात्र नसलेला,
तुझा दादा,
बाओगेन